शेजारची नोन्ना

नॉर्थ यॉर्कमध्ये आमच्या घराला लागूनच एका इटालियन बाईंचं घर आहे. वय ऐंशीच्या पुढे, नवरा गेलेला, मुलगा लांब राहणारा. माझी तेरा वर्षांची मुलगी त्यांना 'नोन्ना' म्हणते. नोन्ना म्हणजे आजी. नागपूरच्या सख्ख्या आजीशी व्हिडिओ कॉलवर तिचं बोलणं एवढंच: "हाय आजी, आय हॅव होमवर्क."

सुरुवात शाळेच्या प्रोजेक्टमुळे झाली. विषय इटली. माहिती विचारायला म्हणून ती शेजारी गेली, आणि मग दर शनिवारी जायला लागली. माझ्याकडे कणकेला बोट न लावणारी मुलगी तिथे मैद्याच्या ढिगात आळं करून अंडी फोडायची, पास्त्यासाठी पीठ मळायची. केसांना पीठ लावून घरी यायची.

"जेवतेस ना?"

"आय एट देअर, आई."

मी तिच्यासाठी काढून ठेवलेली भाजी परत फ्रिजमध्ये ढकलायची.

शेवटी मीही इटलीबद्दल वाचायला बसले. कशासाठी, ते स्वतःलाही सांगत नव्हते.

सप्टेंबरात बाईंच्या गराजमध्ये वर्षभराचा टोमॅटो सॉस करायचा दिवस ठरला. त्यांनी मलाही बोलावलं. पातेल्यात टोमॅटो रटरटत होते. मुलगी रस काढायच्या यंत्राचा दांडा फिरवत होती आणि बाई तिच्या कपाळावरची बट मागे सारत होत्या. मला ते बघवेना.

"टोमॅटो मुळात इटलीचा नाहीच," मी म्हणाले. "अमेरिकेतून आला. आधी तर तुमच्याकडे लोक तो विषारी समजायचे, नुसता शोभेला लावायचे. आणि दीडेकशे वर्षांपूर्वीपर्यंत इटली हा एक देशही नव्हता. नुसती वेगवेगळी राज्यं."

"आई!" मुलगी लालबुंद झाली.

बाई मात्र हसल्या. "खरंय. माझी आजी स्वतःला इटालियन म्हणायचीच नाही. विचारलं की गावाचं नाव सांगायची."

"आणि आई, आपली मिरची पण अमेरिकेतूनच आली. पोर्तुगीजांनी आणली," मुलगी इंग्रजीत म्हणाली. "नोन्ना टोल्ड मी."

माझ्या घरच्या मिरचीची गोष्टसुद्धा तिला शेजारून कळली होती.

नोव्हेंबरात बाईंच्या अंगणातलं अंजिराचं झाड पुरायचं होतं. इथल्या थंडीत ते झाड टिकत नाही, म्हणून एका बाजूची मुळं तोडून ते हळूच खड्ड्यात वाकवतात, वर फळ्या आणि माती टाकतात, आणि वसंतात पुन्हा उभं करतात. त्या दिवशी बाईंचा मुलगाही आला होता, पन्नाशीचा. बाई दोरी धरून भराभर काहीतरी सांगत होत्या. तो नुसता उभा राहिला. माझी मुलगी मात्र लगेच पलीकडे जाऊन फांदी दाबायला लागली.

"आई गावाकडची बोली बोलते," तो मला म्हणाला. "मला शाळेतलं इटालियन थोडंफार येतं, पण हे नाही कळत." तो माझ्या मुलीकडे बघत राहिला. ती नजर मला चांगलीच ओळखीची वाटली. इतके महिने मी तशीच तर बघत होते.

"तुमची भाषाही हिला अशीच येत असेल ना?" त्याने विचारलं.

"हो तर," मी पटकन म्हणाले. "घरी आम्ही मराठीच बोलतो."

मुलीने ते ऐकलं. मान वर करून माझ्याकडे क्षणभर पाहिलं. आता ही मला उघडं पाडणार, असं वाटलं.

"आई, ती लांब फळी दे," ती म्हणाली. मराठीत.

मी फळी दिली. बाईंच्या मुलाने मान डोलावली आणि तो माती ओढायला लागला.

पुढच्या शनिवारी ती पुन्हा शेजारी गेली, आणि माझा पुन्हा तितकाच जळफळाट झाला.