‘लागला वो!’

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता आणि आजही आहे असं म्हणवत नाही. मी आयुष्यभर शाळेत भूमिती शिकवली. जे सिद्ध करता येत नाही ते फळ्यावर ठेवायचं नाही, ही सवय. तरीही हे लिहिते आहे, कारण माझ्या नातवाने एक साधा प्रश्न विचारला आणि त्याचं खरं उत्तर द्यायचं तर हे वगळता येत नाही. तो आणि त्याची बहीण, दोघंही सातासमुद्रापार. ‘आजी, घरच्या ग्रुपवरच लिही, आम्ही दोघं इथेच वाचू’ म्हणाले. म्हणून इथे.

निनाद, तू विचारलंस — जुनी जीप घेतली आहे, डोंगरातल्या हायवेवर चढ लागला की तिला दम लागतो, मागून ट्रकवाले हॉर्न देतात. तुझे पणजोबा राजूर घाट कसा चढायचे?

तर ऐक. आपलं घर धामणगाव बढ्याला, घाटाखाली. आपला आताचा मोताळा तालुका तेव्हा मलकापूर तालुक्यात होता आणि सगळा बुलढाणा जिल्हा ‘सीपी अँड बेरार’मध्ये, म्हणजे मध्य प्रांत-वऱ्हाडात. दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्कराच्या जुन्या जीपा विकायला निघाल्या. बाबांनी त्यातली एक आणली. हिरवी, कापडी टपाची, स्टिअरिंग डावीकडे. बाबा शेतकरी, इंजिनातलं त्यांना काही कळत नसे. ते काम रहीमचाचांचं. चाचा गावात विहिरीवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे.

सपाटीवर जीप घोड्यासारखी पळायची. घाटात मात्र म्हशीसारखी बसायची. चाचांनी कार्बोरेटर दहादा धुतला, प्लग घासले, टायमिंग मागेपुढे करून पाहिलं. थोडा फरक पडायचा. पण मध्यावर एक उजवं वळण होतं, खडं, कडेला पळसाचं झाड, तिथे ती हटकून बंद पडायची.

आता अडचण समजून घे. हँडब्रेक नावालाच होता. डावा पाय क्लचवर, उजवा ब्रेकवर. इंजिन चालू करायचं सेल्फचं बटणही पायानेच दाबायचं आणि ॲक्सिलरेटरही. म्हणजे उजवा पाय ब्रेकवरून उचलला की गाडी मागे, मागे दरी. त्यासाठी चाकामागे दगड लावायला कुणीतरी हवं.

ते काम मायचं. माझी माय, तुझी पणजी. गाडी धापा टाकायला लागली की ती बंद पडायच्या आधीच उडी मारून उतरायची. पळसाखाली तिचा ठरलेला दगड होता, नारळाएवढा, एका बाजूने सपाट. तो चाकामागे सरकवायची आणि ओरडायची —

“लागला वो!”

तो ‘वो’ फक्त बाबांसाठी होता. आपल्याकडे बायका नवऱ्याला तसंच हाक मारत. तो शब्द आला की बाबा डोळे मिटून ब्रेक सोडायचे. गाडी वर गेली की माय दगड उचलून, सपाट बाजू खाली करून, पुन्हा पळसाखाली ठेवायची आणि मग पदर खोचून पायी वर यायची. बाबा चिडवायचे, “अवं, दगड तठीच राहू दे ना. कोन चोरून राह्यलं त्याले?”

“मांगून येनाऱ्याचा बैल ठेचकाळते,” माय म्हणायची. “तुमाले काय, तुमचा बैल पेट्रोल पेते.”

दोन वर्षं असं चाललं. मग एका माघात मुदतीच्या तापाने माय गेली. मी अकरा वर्षांची होते.

जाण्याआधी तिने बाबांकडून एक वचन घेतलं होतं. पोरीला घाटावर बुलढाण्याला, आत्याकडे ठेवून इंग्रजी शाळेत घालायचं. ती स्वतः चौथी पास होती, साबणाच्या कागदावरची इंग्रजी अक्षरं बोटाने गिरवत बसायची. पण ती गेल्यावर बाबांचा धीर होईना. घरात आम्ही दोघंच. मीही गेले तर? त्यांनी घाटाकडे जीप नेणंच सोडलं होतं. शाळेत नाव घालायचे दिवस आले, तसे रहीमचाचा एकदा ओट्यावर बसून म्हणाले, “पाटील, वैनीले जबान देल्ली हाय तुमी. पोरीले काऊन रोखून राह्यले?”

बाबा म्हणाले, “घाटालेच कौल लावतो. तिले घिऊन गाडी त्या वळनावर चढली, तं शाळा. नाई चढली, तं समजीन तिच्या मायचंच मन फिरलं.”

“मशीनले कौल?” चाचा हसले. “अन् दगड कोन लावीन? मी येतो संग.”

“नाई. आमी दोघंच जातो.”

मला तेव्हाच कळलं — गाडी वळण चढून जावी असं बाबांना वाटतच नव्हतं.

मृग कोरडा गेला होता. टळटळीत दुपार. मागे माझी पेटी आणि वळकटी. घाट लागल्यावर इंजिनाचा आवाज जडावत गेला. मी मनातल्या मनात ए, बी, सी म्हणत होते, जणू तीच आरती. पळस दिसला… आणि गाडी धक्का देऊन बंद पडली.

बाबांचा पाय ब्रेकवर. मी उतरायला निघाले तर ओरडले, “बसून राह्य! गाडीच्या मांगं जाचं नाई!”

एक मिनिट गेलं असेल. खाली दरीत होले घुमत होते, बाकी काही नाही. बाबा समोर बघत हळूच म्हणाले, “झालं बाई. तुह्या मायनं सांगतलं.” त्यांनी गिअर रिव्हर्समध्ये टाकायला हात पुढे केला.

आणि मागून, उजव्या चाकाजवळून, आवाज आला —

“लागला वो!”

किंचित धापलेला, शेवटी वर चढणारा. तसाच.

बाबांच्या पायाने विचार केला नाही. दोन वर्षांच्या सवयीने तो ब्रेकवरून उठला. गाडी इंचभर मागे सरकली आणि टेकली. निनाद, टेकली! पाठीला तो ओळखीचा हलका धक्का मी स्वतः अनुभवला. सेल्फ फिरला, इंजिन गरजलं आणि आम्ही वळण चढून गेलो.

मी मागे वळून पाहिलं. धूळ होती. धुळीत रस्त्याच्या मध्ये तो दगड पडलेला होता. माणूस कुणी नव्हतं. बाबांनी मान वळवली नाही. त्यांच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं, ते शर्टावर पडू देत ते गाडी चालवत राहिले. बुलढाण्याला माझं नाव घातलं. त्या आवाजाबद्दल आम्ही दोघंही एकमेकांशी अवाक्षर बोललो नाही.

आता तुझ्या जीपकडे येते.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आले तेव्हा मला अक्षरं जुळवून इंग्रजी वाचता येत होतं. दिसेल ते वाचायचा छंदच लागला होता. जीपमध्ये समोर पत्र्याच्या पाट्या होत्या, धुळीने भरलेल्या. मी परकराने पुसल्या. गिअरच्या मोठ्या दांडीशेजारी दोन लहान दांड्या होत्या, त्यांची माहिती तिथे होती. त्या दांड्यांना कुणी कधी हात लावला नव्हता. जीप विकणाऱ्या माणसाने बाबांना बजावलं होतं की त्या तोफ ओढायच्या आहेत, हलवल्या तर गिअर तुटतील. मी अडखळत वाचलं. एका दांडीने पुढची चाकंही जोडली जातात. ती जोडल्यावरच दुसरी ‘लो’मध्ये घ्यायची. मग वेग कमी होतो आणि जोर वाढतो.

रहीमचाचा कपाळाला हात लावून खाली बसले. “या अल्ला! पाटील, दोन साल आपून म्हशीच्या गळ्यात तोफ बांधून हिंडलो ना!”

घट्ट बसलेल्या दांड्या त्यांनी तेल सोडून मोकळ्या केल्या. सुट्टी संपल्यावर बाबा मला सोडायला निघाले. पळसाचं वळण आलं आणि जीप शेळीसारखी तुरुतुरु चढून गेली. मी आनंदाने टाळ्या वाजवल्या. बाबा हसले नाहीत.

पुढच्या खेपेला त्यांनी त्याच वळणावर स्विच फिरवून इंजिन बंद केलं. ब्रेकवर पाय दाबून बसून राहिले. कशासाठी, ते मला माहीत होतं.

वरून एक कापसाची बैलगाडी उतरली. गाडीवान थांबला. “काय झालं पाटील? दगड लावू काय?”

“नाई बाप्पा,” बाबा म्हणाले. “जाय तू.”

आम्ही वाट पाहिली. पळसाखाली दगड जागेवर होता, सपाट बाजू खाली. शेवटी बाबा म्हणाले, “चाल. तुले उशीर होऊन राह्यला.” ‘लो’मध्ये टाकलेली जीप पुढच्या चाकांनी माती धरून, दगडाशिवाय, सरळ वर गेली.

मायची इच्छा होती म्हणून मी इंग्रजी शिकले. इंग्रजी शिकले म्हणून ती पाटी वाचली. आणि पाटी वाचली म्हणून त्या वळणावर तिने हाक द्यायचं कारणच उरलं नाही. ही साखळी मी पुष्कळदा तपासली आहे. तिच्यात चूक सापडत नाही.

बाबा शेवटच्या आजारात असताना मी एकदाच विचारलं. “त्या दिवशी तुम्हीबी ऐकलं होतं?”

“हाव,” ते म्हणाले. मग थोड्या वेळाने — “संध्याकाळी वापस येताना पाह्यलं मी. दगड पळसाखाली होता.”

मी दगड रस्त्याच्या मधोमध पाहिला होता. मधल्या वेळात कुणा वाटसरूने उचलून ठेवला असेल. असेलही. पण सपाट बाजू खाली करून? आणि आवाज? दुपारचं ऊन, बाप-लेकीचं दुखावलेलं मन, असं म्हणता येईल. दोघांनी एकच शब्द ऐकला, गाडी टेकली, याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

तुझ्या जीपचं म्हणशील तर कार्बोरेटर साफ कर, टायमिंग बघून घे. हौसेने मोठी चाकं घातली असतील तर काढ, जोर तिथेच जातो. आणि डांबरी रस्त्यावर पुढची चाकं जोडून ठेवू नकोस, ते कच्च्या वाटेसाठी असतं. आमचा घाट तेव्हा मुरमाचा होता.

गेल्या वर्षी त्या घाटातून गेले. रस्ता रुंद झाला आहे, पळस नाही. ड्रायव्हरला म्हटलं, इथे जरा थांब. तो म्हणाला, “वळणावर थांबता येत नाही आजी, मागून गाड्या येतात.” बरोबर होतं त्याचं. मी एसी बंद करायला सांगितला, आणि घाट संपेपर्यंत माझ्या बाजूची काच उघडी ठेवली.