बुक्कीने फोडायचा कांदा

गंगापूर रोडला भरीत-भाकरीची एक गाडी लागते. तिथल्या बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. भाकरी थापताना त्यांची नजर परातीत नसते, जेवणाऱ्यांच्या हातांवर असते.

पहिल्यांदा गेलो तेव्हा बरोबर ऑफिसातले दोघं होते. मी भाकरी भरितात चुरायला लागलो आणि बाई एकदम खुलल्या.

"भाऊ, नामपूरकडना शेतस का?"

कांदा पाटावर ठेवून त्यांनी मूठ उगारलीसुद्धा. आमच्या नामपूरकडे घरच्या माणसाला कांदा चिरून देत नाहीत, बुक्कीने फोडून देतात. पण त्यांची अहिराणी ऐकून बरोबरचे दोघं हसू दाबत होते.

"नाही हो," मी म्हणालो, "मी नाशिकचाच."

मूठ हळूच उघडली. "मंग चिरीसन देस," म्हणत त्यांनी सुरी घेतली.

आई गेल्यापासून नामपूरला जायला कारण उरलेलं नाही. गाडीवर मात्र जातो, आता एकटाच. भाकरी मुद्दाम तशीच चुरतो. 'हा, शे', म्हणजे 'हो, तिकडचाच आहे', एवढंच म्हणायचं असतं, तेही ओठांवरच राहतं. बाई हसून ताट पुढे करतात. कांद्याच्या चकत्या पातळ, एकसारख्या, पाहुण्याला द्याव्यात तशा.