आजीनं राखलेलं गवत

सोलापूरबाहेरच्या माळावर आम्ही गवताचा एक तुकडा तारेचं कुंपण घालून बंद केला होता. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचो. जोडीला परदेशातले एक प्राध्यापक. त्यांच्या मुलखातही असाच कोरडा माळ. चराई थांबवली आणि पाऊस कमी-जास्त झाला, तर दोन्हीकडं कुठलं गवत टिकतं, हे आम्हाला बघायचं होतं.

जमीन एका एकट्या आजीची. "एका बी जनावराचं त्वांड लागू देणार न्हाय," असा शब्द तिनं प्राध्यापकांना दिला आणि फाटकाशी एक धोंडा शेंदूर फासून बसवला. तारेला कोण विचारतो हो! पण धोंडा दिसला की गुराखी हात जोडून लांबून जायचे. आम्ही दोघंही खूश.

मग बहात्तर साल आलं. माळ उघडा पडला. कुंपणाच्या आत तेवढं गवत, वाळलेलं का होईना, उभं होतं. इकडं आजीच्या एकुलत्या बैलाच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा झाल्या. प्राध्यापकांनी बैल बघितला आणि मला म्हणाले, "अभ्यास राहू दे. त्यांना गवत कापायला सांगा."

आजी विळा लावेना. "देवाला सोडलंय त्ये."

माझं डोकंच फिरलं. "अहो आजी, तो देव तुम्हीच बसवला की!"

"बसवला म्हणून काय झालं? आता हाय न्हवं तितं!"

कप्पाळ माझं! समजावून समजावून माझा घसा बसला, म्हातारीचा हेका सुटेना. यात आणखी काही दिवस गेले. शेवटी तीच म्हणाली, "ज्येच्यासाटी राखलं, त्येनं मागावं." मी प्राध्यापकांना सांगितलं. त्या भल्या माणसानं बूट काढले, नारळ फोडला आणि हात जोडून आपल्या भाषेत गवत मागितलं. आजीनं लगेच विळा घातला.

भारा घेऊन घरी गेलो, तर बैल खाली बसलेला. दुष्काळात बसलेलं जनावर पुन्हा उठत नाही, हे तिला ठाऊक होतं. तरी तिनं पेंढी त्याच्या तोंडाशी धरली. त्यानं हुंगली, खाल्ली नाही. संध्याकाळी तो गेला.

मला रडू आवरेना. त्या धोंड्याला मी नाही नाही ते बोललो. आजी तोच भारा शेजारच्या गाईपुढं सोडत होती.

"सर, देवावर नगा रागवू," ती म्हणाली. "तुमचंच राखायला बसवला हुता त्येला."