देवळाचा उंबरा

गाव विमानतळात गेलं तेव्हा देवावरची माझी श्रद्धा कुठे गेली ते मी शोधलंही नाही. आमचं गावदेवीचं देऊळ साधंच, दगडमातीच्या जाड भिंती, वर कौलं, तोंड खाडीकडे. पणजोबांचा मचवा वादळात फुटला आणि माणसं त्याच्या फळ्या धरून जिवंत परत आली. त्या लाकडाचा त्यांनी देवळाला उंबरा केला. खाडीत जाताना पुरुष त्याला हात लावायचे, नवी नवरी उजव्या पायाने तो ओलांडायची.

गावाचं पुनर्वसन झालं त्या उलव्यात नवं देऊळ झालं, चकचकीत ग्रॅनाइटचं, तोंड रस्त्याकडे. दारात झाडू अडतो म्हणून उंबराच नाही ठेवला. देवळाच्या कमिटीपुढे मी घसा फोडला, पण जुना उंबरा केव्हाच भंगारात गेला होता. आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली, डोळेही गेलेले. देवीच्या पाया पडायचं एवढंच तिचं मागणं, पण हट्ट असा, "उंबरा नाय त्या देवलान मी पाय नाय ठेवाची."

आईच्या पलंगाला लोखंडी कठडा करायला मी कळंबोलीला गेलो होतो. परतताना स्कूटर बंद पडली, ती एका जुन्या लाकडाच्या वखारीसमोर. किक मारून दमलो आणि सहज आत पाहिलं. भिंतीला टेकवून आमचा उंबरा उभा होता, मधोमध मचव्याचा तोच जुना खिळा. मला रडूच फुटलं. वखारीचे मालक, वयस्कर कोकणी मुसलमान, धावत आले.

"शेंदूर होता त्याच्यावर. कोनाच्या तरी देवाचा असनार, म्हनून करवत नाय लावली," ते म्हणाले. आणि स्वतःच्या टेम्पोतून तो घरी पोचवलाही.

कमिटीने मात्र तो घेतला नाही. ग्रॅनाइटला मॅच होत नाही म्हणे! मग आमच्या फ्लॅटच्या दारातच ठेवला आणि आतल्या बाजूला देवीचा फोटो. आईला उचलून दाराबाहेर उंबऱ्याशी बसवलं. तिने लाकूड चाचपलं, मधला जुना खिळा बोटांना लागला. "आपलाच हाय. मना उभी कर." मी आणि बायकोने तिला धरलं. नवरीसारखा उजवा पाय टाकून ती आत आली, हात जोडले. त्याच आठवड्यात ती गेली.

माझा राग गेला, असं खोटं लिहिणार नाही. नव्या देवळासमोरून जाताना अजून तोंड कडू होतं. पण देवीने आईचं मागणं ऐकलं, आणि उरलेलं भांडण एकट्या माझंच होतं. रोज सकाळी उंबऱ्याला हात लावून मी ते देवीच्या स्वाधीन करतो. संध्याकाळपर्यंत त्यातलं थोडं परत घेतो. ती देते.