आजोबांचं स्विस घड्याळ

खुनाचे, दरोड्यांचे तपास मी पुष्कळ केले. तरी निवृत्तीनंतर मनात परत परत येते ती एका जुन्या मनगटी घड्याळाची तक्रार. नोकरीची शेवटची वर्षे होती. धाराशिव जिल्ह्याच्या सीमाभागातले एक ठाणे माझ्याकडे होते.

सकाळची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी पाहत होतो. ठाणे अंमलदाराने एका गृहस्थांना आत पाठवले. साठी उलटलेले, बँकेतून निवृत्त, सोलापुरात स्थायिक. मूळ गाव माझ्या हद्दीतले, सास्तूरजवळचे. जुनी स्विस घड्याळे जमवायची, त्यांचे साल शोधायचे आणि चांगल्या कारागिराकडून ती चालती करून घ्यायची, हा त्यांचा छंद. त्यांनी टेबलावर रुमाल उघडला. आत चावीचे एक घड्याळ होते.

"आमच्या आजोबांचं म्हणून धाकट्या भावानं मला हे दिलं," ते म्हणाले. "पण हे ते नाही. अस्सल त्यानं विकलं."

आजोबांना ते घड्याळ निजामाच्या काळात हैदराबादच्या एका व्यापाऱ्याने भेट दिले होते. आजोबांकडून ते वडिलांकडे आले. वडील वारल्यावर आईजवळ, म्हणजे गावी धाकट्याच्या घरी राहिले. वाटणीच्या वेळी थोरल्यांनी दुकान मागितले नाही, जमीन मागितली नाही. फक्त घड्याळ मागितले.

त्यांनी मला भिंग दिले. डायलवर सहाच्या आकड्याखाली 'स्विस' या शब्दाच्या दोन्ही बाजूंना बारीक 'टी' अक्षर होते. अंधारात चमकणाऱ्या एका रंगाची ती खूण, आणि ती साठच्या दशकापासूनच दिसते, असे त्यांनी समजावले.

"डायल कधी कधी बदललेली असते. म्हणून झाकण उघडून मशीनचा नंबर पाहिला. तोही त्याच काळातला. निजामाचं राज्य जाऊन तोवर कितीतरी वर्षं झाली होती, साहेब."

मी गुन्हा लगेच नोंदवला नाही, अर्ज चौकशीवर ठेवला. भावाभावांच्या भांडणात पहिला अर्ज बहुधा रागाचा असतो.

थोड्याच दिवसांत खबऱ्याचा निरोप आला. मागच्या उन्हाळ्यात लातूरचा एक जुन्या वस्तूंचा व्यापारी धाकट्याच्या किराणा दुकानात बराच वेळ बसला होता आणि त्याच्या हातात घड्याळ होते. संशय बळावला. मी धाकट्याला बोलावून घेतले.

खोटे बोलणारा माणूस न विचारलेलेही सांगत सुटतो. हा विचारले तेवढेच बोलत होता.

"व्यापारी आला व्हता, व्हय. झाकण खोलून बगितलं, फोटू काढलं, मागितलं बी. म्या दिलं न्हाय. अण्णाला घड्याळाचा लई नाद. त्येच्यासाठीच ठिवलं व्हतं."

"मग आजोबांचं कुठं गेलं?"

"माज्या वळखीत तर हेच हाय, साहेब."

उठताना तो थांबला. "अण्णानं भावकीत सगळीकडं सांगितलंय. माज्या पोरीची सोयरिक ढोकीला जमत आलीया. तेवढं लवकर काय ते करा."

व्यापाऱ्याचा जबाब घेतला. त्याच्या मोबाइलमधल्या फोटोत मशीनचा नंबर हाच होता. म्हणजे व्यापाऱ्याने घड्याळ बदलले नव्हते. थोरल्यांना हे सांगितले, तर ते म्हणाले, "मग त्याच्याही आधी बदललं असेल."

मी घड्याळ घेऊन सोलापूरला त्यांच्या कारागिराकडे गेलो. घड्याळ अजून साफ झालेले नव्हते. कारागिराने झाकणाच्या आतल्या बाजूचा काळा मळ पुसला आणि झाकण उजेडात तिरपे धरले. पूर्वीचे दुरुस्ती करणारे तिथे सुईने आपली आणि गिऱ्हाइकाची खूण कोरून ठेवत. सगळ्यात जुन्या खुणेत एक साल होते, गावाचे नाव होते आणि या भावांच्या वडिलांच्या नावाची आद्याक्षरे होती. त्या साली थोरले प्राथमिक शाळेत होते आणि धाकटा जेमतेम चालायला लागला होता.

हे घड्याळ तेव्हापासून वडिलांच्याच हातात होते. बदल झाला असेल तर त्याआधी. त्या काळातले घरात एकच माणूस उरले होते.

वृद्ध स्त्रीचा जबाब घरीच घ्यायचा असतो. एक महिला शिपाई आणि थोरल्यांना घेऊन मी गेलो. म्हातारी ओसरीवर बसली होती. गळ्यात लिंग, कपाळावर विभूती. दोन्ही मुलगे तिला अव्वा म्हणत. तिच्यापर्यंत भांडण पोचले होते, पण ते कशावरून हे कुणी सांगितलेले नव्हते. मी सगळे सांगितले.

तिने थोरल्यांना जवळ बसवून घेतले. मग म्हणाली, "ते इकलं आमी. ह्येंनीच इकलं, सोलापुरात."

"का इकलं, अव्वा?" थोरल्यांनी विचारले.

"तुला घटसर्प झाला व्हता. गळा बंद झाला व्हता तुजा. दवाखान्यात ठिवायचं तर जवळ काय व्हतं? मनगटावरलं काढून दिलं." तिने पदर सारखा केला. "पर मामंजी लई कडक. म्हनून पुढं तसलंच दुसरं, वापरलेलं बगून घेतलं. मामंजीला दिसायचं कमी. त्येंनी कानाला लावलं, टिकटिक आयकली, बास."

"मला कधी बोलली नाहीस."

"ह्येंनी नगं म्हनलं व्हतं. पोराच्या मनावर वझं नगं म्हनले."

धाकटा दारात उभा होता. त्यालाही हे नवीन होते. थोरले उठून त्याच्याजवळ गेले. तो म्हणाला, "बस, अण्णा. च्या टाकाय लावतो."

दुसऱ्या दिवशी थोरल्यांनी तक्रार मागे घेतली. मी काही न सांगता ते ठाण्यातून परस्पर ढोकीला, मुलीच्या होणाऱ्या सासरी गेले. आपली तक्रार चुकीची होती, भाऊ निर्दोष आहे, असे स्वतः सांगितले. त्या लोकांनी त्यांना मानाने बसवले, सगळे ऐकून घेतले आणि मुलाचे दुसरीकडे ठरल्याचे सांगितले.

मुलीचे लग्न पुढे याच जिल्ह्यातल्या वाशीकडे झाले. खर्चात आणि धावपळीत थोरले सगळ्यांत पुढे होते, असे ऐकले. भाऊ एकमेकांकडे जातात-येतात. पूर्वीसारखे का, ते मला माहीत नाही.

त्यानंतर नव्या उपनिरीक्षकांना मी एकच गोष्ट सांगत आलो. चोर शोधण्याआधी चोरी झाली का, ते शोधा. वस्तू होती, आता नाही, एवढ्याने चोरी सिद्ध होत नाही. मधल्या काळात घरातल्या माणसांनी काय काय निभावले, ते विचारावे लागते.

अहवालात मी 'चोरी झाल्याचे निष्पन्न होत नाही' असे लिहून प्रकरण निकाली काढले. ढोकीच्या त्या घरी तक्रारीची बातमी पोचायला आठवडाही लागला नव्हता. माझा अहवाल तिथे कुणी वाचणार नव्हते.