आईच्या तोंडातला थर्मामीटर

मुलांच्या विभागातल्या मोठ्या सिस्टरकडे एक वेगळंच काम होतं. अठरा वर्षांची झालेली पोरं समोरच्या इमारतीत, मोठ्यांच्या डॉक्टरांकडे सोपवायची. मध्ये नुसतं अंगण. पण ही लहानपणापासूनची आजारी पोरं. आजार त्यांचा आणि बोलणार आई! गेल्या वर्षी एक मुलगा तिकडे एकटा गेला, तोंडाला कुलूप लावून बसला आणि औषधाविनाच घरी परतला. पुढे आणला तो बेशुद्धच. वाचला बिचारा, पण सिस्टरने ते फार मनाला लावून घेतलं.

तेव्हापासून ती तालमी घ्यायची. स्वतः डॉक्टर व्हायची, चष्मा नाकावर, कपाळाला आठ्या. आईमंडळींना बाहेर काढलं तर त्या दारामागून उत्तरं द्यायच्या. शेवटी सिस्टरने जालीम उपाय शोधला. तालीम सुरू झाली की आईच्या तोंडात थर्मामीटर! ताप कुणालाच नसायचा.

चिमणीची आई या उपायालाही पुरून उरली. चिमणीला मधुमेह चौथ्या वर्षापासून. आता ती दारातून वाकून आत यायची, तरी बसायची लहानग्यांच्या बदकाच्या खुर्चीवरच, गुडघे हनुवटीला टेकवून.

"इन्सुलिन किती घेतेस?" सिस्टरने दरडावलं.

चिमणीने आईकडे पाहिलं. आईने बोटं दाखवली. सिस्टरने आईला हात मांडीखाली दाबून बसायला लावलं, तर बाई भुवया उडवायला लागल्या!

"आई, भिंतीकडे तोंड कर बघू," चिमणीच वैतागली आणि घडाघडा सगळं सांगून मोकळी झाली.

खरा दिवस उजाडला. आई बाहेर बाकावर बसली, आपणहून थर्मामीटर तोंडात धरून. चिमणीसोबत सिस्टर आत गेली.

"त्रास कधीपासून?" डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं.

"चौथ्या वर्षापासून," सिस्टर म्हणाली.

"इन्सुलिन वेळेवर?"

"अगदी! फक्त रात्री साखर उतरते हो हिची, झोपेत कळत नाही, मला तर बाई..."

डॉक्टरांनी मान वर केली. "तुम्ही आई का?"

सिस्टर पुढे काही बोलणार, तोच चिमणीने तिच्या खिशातला थर्मामीटर काढला आणि अलगद तिच्या तोंडात ठेवला.

"यांना ताप आहे?"

"नाही, माझी काळजी आहे," चिमणी म्हणाली. "तुम्ही मला विचारा."

डॉक्टर विचारत गेले, चिमणी सांगत गेली. सिस्टरच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण थर्मामीटर तिने ओठांत घट्ट धरला होता.