दसऱ्यावर टाकलेली सही

उल्काताईंना कुणावर ओरडता येत नाही, आणि मला ओरडल्याशिवाय राहवत नाही. स्टुटगार्टच्या एकाच इमारतीत आम्ही अकरा वर्षं राहतोय. त्या पहिल्या मजल्यावर, मी तिसऱ्या. नवरा गेल्यावर त्यांनी टागेसमुटरचं प्रशिक्षण घेतलं, युगेंडआम्टची, म्हणजे सरकारी बालकल्याण खात्याची, माणसं घर तपासून गेली आणि परवाना मिळाला. तेव्हापासून लोकांची लहान मुलं त्या आपल्या घरी सांभाळतात. पगार कुणाचा नाही. मुलांच्या फीवरच घर चालतं.

सप्टेंबरात मयुरेश दोन वर्षांच्या उर्जाला घेऊन आला. तो इंजिनियर, बायकोही नोकरीत. अनुदानाचे अर्ज भरायला साहेबांना वेळ नव्हता, म्हणून महिन्याचे सातशे युरो तो थेट देणार होता. करार छापून तयार होता, पण पितृपक्ष चालू होता. "सही दसऱ्याला करू," उल्काताई म्हणाल्या. मूल घेतलं, सही तेवढी पुढे ढकलली! दसऱ्याला तो बायकोसह पेढे घेऊन आला, वाकून नमस्कार केला, आणि यांना कागद पुढे करायची लाज वाटली.

पहिल्या महिन्याचे पैसे आले. ऑक्टोबरचे आले नाहीत, नोव्हेंबरचे नाहीत, डिसेंबरचे नाहीत. दर सोमवारी दारात तेच हसू आणि तेच उत्तर, "मावशी, या वीकेंडला नक्की." नाताळात तो तेनेरिफ बेटावर सुट्टी घालवून आला आणि समुद्राचे फोटो यांनाच दाखवले. यांनी कौतुकानं पाहिले! मी असते तर फोन खिडकीबाहेर भिरकावला असता.

उन्हाळ्यात त्यांच्याकडची दोन मुलं किंडरगार्टनला गेली होती. आता उर्जा धरून दोनच उरली. जानेवारीचं भाडं थकलं आणि घरमालकाचं पत्र आलं. फेब्रुवारीचंही थकलं तर घर खाली करावं लागणार होतं. घर गेलं की त्या घरावरचा परवाना गेला, आणि परवाना गेला की साठीच्या उंबरठ्यावर पोटापाण्याचं काय? ते पत्र वाचून मी तावातावानं मयुरेशला गाठायला निघाले होते, पण त्यांनी माझा हात धरला. "मीच बोलते. तू फक्त शेजारी उभी राहा."

एकतीस जानेवारीला सकाळी साडेसातला बेल वाजली. उर्जा "हालो!" म्हणत आत पळायला निघाली. उल्काताई उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"मयुरेश, चार महिन्यांचे अठ्ठावीसशे झाले. ते आल्याशिवाय मी आजपासून तिला घेणार नाही."

"काय मावशी, घरच्यासारखे आहोत आपण. नऊला माझं प्रेझेंटेशन आहे."

"माझं उद्या भाडं आहे."

त्याचं हसू मावळलं. "आणि तसं लेखी कुठे काय ठरलंय आपलं?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात उल्काताईंनी दार लावून घेतलं. बाहेर उर्जानं भोकाड पसरलं. "ऊमा! ऊमा!" 'उल्कामावशी' म्हणता येत नसल्यानं ती त्यांना तशीच हाक मारायची. उल्काताईंचा हात कडीवरच होता. आत्ता ही बाई दार उघडणार, मला खात्रीच होती. रडणं जिन्यावरून खाली गेलं, तरी त्यांनी कडी काढली नाही.

दहाच मिनिटं झाली असतील. त्यांचा फोन वाजला. खात्यावर अठ्ठावीसशे युरो जमा. पाठोपाठ बेल.

"झालं बघा, मावशी," मयुरेश म्हणाला. "एवढं अर्जंट होतं तर आधी सांगायचं ना."

उल्काताईंनी उर्जाला कडेवर घेतलं, तिचं नाक पुसलं, तिचे बूट काढले. दार लावलं आणि स्वयंपाकघरात येऊन तिथल्या तिथे फोनवरून दोन्ही महिन्यांचं भाडं भरून टाकलं.

मला वाटलं, आता तरी हसतील. मी चहाचं आधण ठेवलं. त्या खुर्चीत बसल्या, उर्जाला मांडीवर घेतलं आणि रडू लागल्या.

"अगं, आले ना पैसे!" मी म्हटलं.

"दहा मिनिटांत आले, अरुंधती. म्हणजे ते त्याच्याजवळ होतेच गं. मी झोपायच्या खोलीतलं हायझुंग बंद करून थंडीत कुडकुडत होते, तेव्हाही होते."